ब्रेक ऑइल बदललं का, ताई?

आज कर्जाच्या हप्त्यांविषयी बोलणार नाही, गाडीविषयी बोलणार आहे. गटाची किंवा घरची जुनी गाडी असेल तर जरूर ऐका. तुम्ही स्वतः चालवत नसाल, तरी तिच्यात बसता ना? मग ऐका.

आमच्या गटाकडे जुनी मारुती ८०० आहे. मसाले-चटण्या घेऊन आम्ही वाईहून पाचगणीला जातो. मे महिन्यात माल विकून पसरणी घाट उतरत होतो. गाडीत आम्ही चौघी, गाडी मी चालवत होते. घाटभर ब्रेकवर पाय होता. एका वळणाआधी ब्रेक दाबला, तर पॅडल सरळ खाली गेलं. कापसावर पाय ठेवावा तसं. भराभर तीन-चार वेळा पॅडल मारलं, तेव्हा थोडा जोर आला. गिअर खाली आणला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी कडेला लावली. मागे बसलेल्या काकूंना बराच वेळ बोलता येईना.

अर्ध्या तासाने गाडी गार झाली, ब्रेक पुन्हा लागू लागला. तरीही आम्ही ती चालवली नाही, मेकॅनिकला बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी दाखवली. डबी भरलेली होती! पण ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट. "हे बदललं कधी?" त्यांनी विचारलं. घरी येऊन मी रजिस्टर पाहिलं. 'ब्रेक ऑइल टाकले' असं दोनदा लिहिलेलं. 'बदलले' असं चार वर्षांत एकदाही नाही. ते रजिस्टर मीच लिहिते.

टाकणं आणि बदलणं यात फरक आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? मीठ हवेतला ओलावा ओढतं. ब्रेक ऑइलही तसंच ओलावा ओढतं, डबीला झाकण असलं तरी हळूहळू ओढतच राहतं. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं, की ते १४० अंशांनाही उकळू शकतं. घाटात सतत ब्रेक दाबला की चाकाजवळ तेवढी उष्णता होते. ऑइल उकळलं की त्याची वाफ होते. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पाणी भरून तोंड बोटाने बंद करा, दट्ट्या हलत नाही. हवा भरा, लगेच आत जातो. वाफेचंही तसंच. पायाचा जोर वाफ दाबण्यातच जातो, चाकापर्यंत पोचत नाही.

आता घ्यायचं कोणतं? डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात प्रकार लिहिलेला असतो. आमच्या गाडीला डॉट ३ लागतं. डॉट ३ च्या गाडीला डॉट ४ चालतं, ते आणखी उशिरा उकळतं. पण डॉट ४ सांगितलेल्या गाडीत डॉट ३ घालू नका. नुसतं डॉट ५ हे सिलिकॉनचं, वेगळ्या जातीचं असतं. ते यात मिसळायचं नाही. इंजिन ऑइल तर थेंबभरही नको, त्याने आतली रबरं फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. बाटली सीलबंद घ्या. महिनोन्महिने उघडी पडलेली अर्धी बाटली स्वस्तात मिळाली तरी नको.

बदलण्याचं काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या, पण शेजारी उभ्या राहा. डबीतलं जुनं ऑइल काढून नवं भरतात. मग एक जण पॅडल दाबतो आणि दुसरा चारही चाकांच्या निपलमधून जुनं ऑइल आणि हवा काढतो. स्वच्छ, फिकट ऑइल येईपर्यंत हे करायचं. या वेळात डबी रिकामी पडू द्यायची नाही, नाहीतर हवा आत शिरते. छोट्या गाडीला अर्धा ते एक लिटर ऑइल पुरतं. ते गाडीच्या रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता. रंग निघतो. शेवटी पॅडल घट्ट लागतंय का, हे गाडी उभी असतानाच पाहा.

साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, गाडी कमी फिरली असली तरी. आणि डबीतली पातळी खाली गेली, तर नुसती भर घालून गप्प बसू नका. पॅड झिजले असतील किंवा कुठेतरी गळत असेल. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसते का, बघायला सांगा. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, म्हणजे सगळा भार ब्रेकवर येत नाही.

आमच्या रजिस्टरमध्ये आता वेगळा रकाना आहे: ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख. पुढच्या मासिक बैठकीत तुमच्याही गाडीची तारीख विचारा. कोणालाच सांगता आली नाही, तर त्याच आठवड्यात गाडी मेकॅनिककडे न्या.