बक्षीस नको, भाडं द्या

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बोलताना जसं झालं तसंच, थोडी काटछाट करून.)



संयोजकांनी मला बारा मिनिटं दिली आहेत आणि कार्यक्रमपत्रिकेत विषय छापलाय ‘आपल्या मित्राची कलाशाळा’. पहिली दुरुस्ती तिथेच करते. ती शाळा नाही. तिथे घंटा नाही, हजेरी नाही, परीक्षा नाही. तो स्टुडिओ आहे. मुलं त्याला ‘गोदाम’ म्हणतात, कारण कराडच्या मार्केट यार्डाजवळचं ते एक जुनं गोदामच आहे. वर पत्रा, उत्तरेला दोन मोठ्या खिडक्या, एक मोरी आणि भिंतीला टेकवून ठेवलेली चित्रं. ज्याने हे सुरू केलं तो आपल्या ‘ब’ तुकडीतला मित्र. चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झाला आणि फंडातले बरेचसे पैसे यात घालून बसला. माझं नाव घेतलंस तर मी उठून जाईन, असं त्याने बजावलंय, म्हणून घेत नाही. तसाही तो आत्ता मागे जेवणाच्या खुर्च्या मोजतोय.

मी त्या ट्रस्टची खजिनदार. बँकेत बत्तीस वर्षं काढलेल्या बाईला रिकामं बसवत नाही, एवढंच त्यामागचं कारण. मला चित्रातलं फारसं कळत नाही. आपल्या चित्रकलेच्या सरांना ते ठाऊक आहे. सर, हसू नका. पण हिशेब कळतो, आणि आज मला हिशेबाचंच बोलायचं आहे.

तुम्हाला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट आठवतात ना? वस्तुचित्र, स्मरणचित्र, निसर्गचित्र. त्या परीक्षा अजून आहेत आणि लाखो मुलं बसतात. आता इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड मिळाली की दहावीला सात गुण वाढतात, ‘बी’ला पाच, ‘सी’ला तीन. मुलं बसावीत म्हणून ही सोय चांगलीच आहे. पण घडतं असं, की सात गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. अकरावीला चित्रकला नाही, घरात कोणी विचारत नाही. ज्याला खरंच चित्र काढायचं आहे त्याचा हात सोळाव्या वर्षी थांबतो आणि दोन वर्षांनी प्रवेश परीक्षेला बसायची वेळ येते तेव्हा तो गंजलेला असतो. कलेच्या पदवीसाठी राज्याची सामायिक परीक्षा असते, तिथे पुन्हा वस्तुचित्र आणि स्मरणचित्र काढावं लागतं. पुण्यामुंबईच्या मुलांना त्यासाठी क्लास असतात. आपल्याकडच्या मुलाला मोबाइलवरचे व्हिडिओ.

पूर्वी गावात एक सोय होती, ती आपण कधी सोय म्हणून मोजलीच नाही. स्टँडजवळचं पेंटरचं दुकान. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती. चार पोरं तिथे पडून असायची, ब्रश धुवायची, हळूहळू अक्षर वळवायला शिकायची. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत मोठे झाले. त्यांच्या हाताखाली किती माणसं तयार झाली हे मी कराडकरांना सांगायला नको. फ्लेक्स आला आणि आपल्या गावातली ती दुकानं दोन-चार वर्षांत गेली. अक्षर वाईट झालं ही तक्रार सगळे करतात. पण पोरांची बसायची जागा गेली, ती कोणाच्या लक्षात आली नाही.

आता गोदामात कोण येतं ते सांगते. शनिवार-रविवारी लहान मुलं येतात, तो आनंदाचा भाग. माझ्या हिशेबाचा भाग म्हणजे अठरा ते पंचविशीतली दहा-बारा जणं. त्यांतली एक मुलगी कोयनाकाठच्या गावातून एसटीने येते. घर दोन खोल्यांचं, माणसं सहा. तेलरंगातलं चित्र वाळायला दिवसचे दिवस लागतात, हे मला इथे आल्यावर कळलं. तोवर ते भिंतीला टेकवून ठेवायचं, कोणाचा हात लागू द्यायचा नाही, वर धूळ बसू द्यायची नाही. दोन खोल्यांच्या घरात ओलं चित्र ठेवायचं कुठे? वर टर्पेंटाइनचा वास. तिची आई एकदा मला म्हणाली, “वहिनी, चित्राला माझी ना नाही, पर कणकेला वास येतोय.” त्या माउलीचं काहीच चुकत नाही. गोदामात त्या मुलीला सहा फुटांची भिंत आणि कुलपाचं एक कपाट मिळालं, दुसरं काही नाही. तिला कोणी रोज शिकवत नाही. आपला मित्र दिवसातून एकदा मागून जातो, बघतो, क्वचित एक वाक्य बोलतो. ती सध्या सांगलीच्या कलाविश्व महाविद्यालयात आहे आणि सुट्टीत भिंत मागायला येते.

दुसरा एक मुलगा तासवडे एमआयडीसीत कामाला. पहिली पाळी संपवून चारला यायचा, नऊपर्यंत बसायचा. फक्त हात काढायचा. मशिनवरचे हात, डबा उघडणारे हात, पंच मारणारे हात. दीड वर्षात वह्यांची चळत झाली. मग त्याची पाळी बदलली, लग्न ठरलं, येणं बंद झालं. वह्या कपाटात आहेत. त्याचं नाव असलेलं कपाट दुसऱ्याला द्यायचं का, यावर आमची विश्वस्त मंडळाची एक अख्खी सभा झाली. अजून दिलेलं नाही. खजिनदार म्हणून माझं मत होतं, द्यावं. आता फारसा आग्रह धरत नाही.

तरुण चित्रकाराला आधी जागा लागते, हे काही आमचं संशोधन नाही. मुंबईत हे मोठ्या प्रमाणावर होऊन गेलंय. भुलाभाई देसाई म्हणजे आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात खटला चालला तेव्हा त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील. 1946मध्ये ते गेले. वॉर्डन रोडवरच्या त्यांच्या बंगल्यात त्यांच्या स्मरणार्थ संस्था उभी राहिली. त्यांच्या सूनबाई माधुरीबेन देसाई आणि सोली बाटलीवाला यांनी तिथल्या खोल्या चित्रकारांना, नाटकवाल्यांना, संगीतवाल्यांना नाममात्र पैशांत दिल्या. वासुदेव गायतोंडे गिरगावच्या चाळीत वाढलेले. त्यांचा स्टुडिओ इथे होता. हुसेन इथे होते. नसरीन मोहमदी इथे होत्या. रविशंकरांनी ‘किन्नर’ हे संगीत विद्यालय इथे काढलं, अल्काझींच्या थिएटर युनिटचं काम इथे चाललं, आणि आपल्या विजयाबाई मेहतांच्या ‘रंगायन’ला तालमी-प्रयोगांसाठी हीच वास्तू मिळाली. मराठी प्रायोगिक नाटकाचा इतिहास सांगताना आपण लेखक सांगतो, नट सांगतो. छप्पर कोणाचं होतं ते सांगत नाही.

गोव्यात जन्मलेल्या प्रफुल्ला जोशी, लग्नानंतरच्या प्रफुल्ला डहाणूकर, जे. जे.तून बाहेर पडल्या आणि ऐन विशीत त्यांना या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करायला जागा मिळाली. पुढे त्या मोठ्या चित्रकार झाल्याच, पण जहांगीर आर्ट गॅलरी, बॉम्बे आर्ट सोसायटी अशा ठिकाणी राहून त्यांनी नव्या मुलांसाठी जन्मभर धडपड केली. 2014मध्ये त्या गेल्या; त्यांच्या नावाचं फाउंडेशन आज देशभरातल्या तरुण कलाकारांना पाठबळ देतं. विशीतल्या मुलीला दिलेली एक खोली पुढे किती लांब जाते, याचं एवढं ठळक उदाहरण मला दुसरं सापडलं नाही.

गायतोंड्यांचं एक सांगते, बँकेतली सवय म्हणून. वर्षाला पाच-सहा कॅनव्हास करणारा हा माणूस. 2001मध्ये गेला. 2013 साली मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला तेवीस कोटींच्या वर किंमत आली. आमच्या ट्रस्टला देणगी मागायला गेलं की लोक हीच बातमी ऐकवतात: “चित्रांत फार पैसा आहे हो आता!” असेल. पण हा माणूस खोलीत बसून कोऱ्या कॅनव्हासकडे बघत होता तेव्हा त्या बघण्याला गिऱ्हाईक नव्हतं. ती वर्षं कोणीतरी सांभाळावी लागतात.

आणि तो बंगला? तो आज नाही. तिथे उंच इमारत आहे, रस्त्याला भुलाभाईंचं नाव आहे. माणसं पांगली. गायतोंडे पुढे दिल्लीला गेले. एवढी नावं ज्या जागेने घडवली ती जागाच राहिली नाही, आणि आमची धडकी नेमकी इथून सुरू होते.

कारण आमच्या गोदामाचा करार येत्या मार्चअखेर संपतो. मालक भले आहेत, इतकी वर्षं त्यांनी भाडं वाढवताना आम्हालाच विचारलं. पण आता व्यवहार मुलांकडे आलाय, आणि मार्केट यार्डाजवळच्या जागेला काय भाव आहे हे त्यांना कळतं, कळायलाच हवं. ते पाच वर्षांचा नोंदणीकृत करार करायला तयार आहेत, मात्र एका वर्षाचं भाडं अनामत हवं. आमच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा भाड्याचा, मग वीज, मग कागद-रंग. शिकवणाऱ्याचं मानधन शून्य, खजिनदाराचंही शून्य.

आता माझी खरी तक्रार. आम्हाला देणग्या मिळत नाहीत असं नाही. गेल्या वर्षी तिघांनी स्वतःहून विचारलं. तिघांनाही आईच्या किंवा वडिलांच्या नावाने चित्रकला स्पर्धेचं बक्षीस ठेवायचं होतं. ढाल, प्रमाणपत्र, वर्तमानपत्रात फोटो. मी म्हटलं, त्याच पैशात दोन महिन्यांचं वीजबिल होतं. गृहस्थ म्हणाले, “बिलावर आईचं नाव कसं घालणार?” हा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि मला उत्तर सुचायला तीन महिने लागले. ते शेवटी सांगते. पण बक्षीस एकाला मिळतं आणि ते काम झाल्यावर मिळतं. भिंत दहा-बारा जणांना मिळते आणि काम व्हायच्या आधी मिळते.

कंपन्यांचं विचाराल तर 2013च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर घालायला सांगितले खरे, पण त्या यादीत कलेच्या बाबतीत वारसा, पारंपरिक कला, हस्तकला असे शब्द आहेत. वारली रंगवत असाल तर अर्ज सोपा. एमआयडीसीतल्या कामगाराचे हात काढत असाल तर तुम्ही कोणत्या रकान्यात बसता हे त्या अधिकाऱ्यालाही कळत नाही. मी दोनदा बसून आले आहे, तिसऱ्यांदाही जाईन.

थोडं व्यवहाराचं, कारण उद्या फोन येणारच आहेत. आपल्याला 80जी आहे. रोखीने दोन हजारांवर दिलेत तर करसवलत मिळत नाही, म्हणून बँकेतून द्या. ज्यांनी नवी करप्रणाली घेतली आहे त्यांना 80जीचा फायदा तसाही नाही. त्यांनी करासाठी देऊ नये, द्यायचं म्हणून द्यावं. परदेशातल्या मंडळींसाठी: पासपोर्ट अजून भारतीय असेल तर आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी आम्हाला घेता येते. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर घेता येत नाही, त्यासाठी वेगळी नोंदणी लागते आणि ती आमच्याकडे नाही. म्हणून न्यू जर्सीहून आलेल्या आमच्या मैत्रिणीने काल रात्री पर्समधून पाकीट काढलं ते मी परत दिलं. रागावली आहे. जेवताना तिला कोणीतरी समजावा.

आणि गुरुजनांना एक विनंती. आज पुष्कळ शाळांत चित्रकलेचं पद रिकामं आहे. पैसे तुमच्याकडून एक रुपयाही नको. पण ज्यांचे गुडघे परवानगी देतील त्यांनी रविवारी तासभर येऊन नुसतं मागून जावं. सरांनी सकाळी चहाच्या वेळी हो म्हटलंय. शिकवणार नाही, फक्त बघेन, या अटीवर. आम्हाला तेवढंच हवं होतं.

तर आईच्या नावाचा प्रश्न. मी एक वही केली आहे, वर्षाला बारा पानं. एक महिन्याचं भाडं म्हणजे एक पान. ज्याने तो महिना घेतला त्याने सांगितलेलं नाव त्या महिनाभर गोदामाच्या दारावर लागतं, आणि ते नाव मुलं स्वतःच्या हाताने काढतात. फ्लेक्स नाही. पेंटरचं अक्षर आमच्याकडे परत वळायला लागलंय ते या पाट्यांमुळे. आपल्या बॅचने जून आणि जुलै घ्यावेत असं मला वाटतं. पावसाळ्यात कॅनव्हासला बुरशी येते, विक्री होत नाही आणि देणगीदारही घराबाहेर पडत नाहीत. अनामतीचं वेगळं पान शेवटी आहे, तिथे ज्याला जमेल तसं लिहावं.

भाद्रपद मात्र मागू नका. गणपतीच्या आधी दोन महिने ही मुलं कारखान्यांत मूर्ती रंगवायला जातात, आणि त्या मजुरीतून भाद्रपदाचं भाडं ती स्वतः भरतात. ती पावती मी वेगळी फाडते.

वही मागच्या टेबलावर आहे, हजेरीपटाशेजारी. पेन बांधून ठेवलंय.