खालचा सा
(माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरचे आमचे सर आणि बाई, शाळेचे आजचे शिक्षक, आणि इतक्या वर्षांनी एकमेकांना ओळखायला दोन-दोन मिनिटं घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळींनी मला सांगितलं, "तू चर्चमध्ये चेलो वाजवतोस, तर संगीतावर बोल. पंधरा मिनिटं. मात्र वाजवू नकोस, जेवण थंड होईल." अट मान्य करून मी इथे उभा आहे. आयुष्यभर बँकेत आकडेमोड केली, तेव्हा वेळ पाळण्याची सवय आहे.

मी आज एका कंडक्टरबद्दल बोलणार आहे. कंडक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एसटीतला कंडक्टर येतो, खांद्याला चामड्याची पिशवी आणि हातात तिकिटांचा चिमटा. मी म्हणतो त्या कंडक्टरच्या हातात एक बारीक काडी असते. समोर शंभर वादक बसलेले असतात आणि हा त्यांना वाजवायला लावतो. मराठीत आपण त्याला वाद्यवृंदाचा संचालक म्हणतो. ज्यांच्याबद्दल बोलणार आहे ते आपल्या मुंबईचे झुबिन मेहता. नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. पण एक गोष्ट बहुधा ऐकली नसेल. त्यांचं स्वतःचं वाद्य होतं डबल बास, म्हणजे वाद्यवृंदातलं सगळ्यात खालच्या आवाजाचं तंतुवाद्य.

थोडी ओळख करून देतो. व्हायोलिन आपल्याकडे चर्चमध्ये आणि लग्नात सगळ्यांनी पाहिलंय. त्याच घराण्यातला मोठा भाऊ म्हणजे चेलो. तो हनुवटीखाली मावत नाही. खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरावा लागतो. त्याहून मोठा डबल बास. तो माणसापेक्षा उंच, उभं राहून किंवा उंच स्टुलावर बसून वाजवायचा. गाण्याची चाल बहुतेक वेळा व्हायोलिनवाले वाजवतात, म्हणून ते पुढे. खर्जाची वाद्यं बाजूला किंवा मागे. लोक घरी जाताना चाल गुणगुणत जातात, खर्ज कोणी गुणगुणत नाही. पण खर्ज थांबला की सगळ्यांना कळतं, काहीतरी कोसळलं.

झुबिन यांच्या आधी त्यांच्या वडिलांबद्दल सांगायला हवं. मेहली मेहता १९०८ साली मुंबईत जन्मले. व्हायोलिन ते बरंचसं स्वतःच शिकले, कारण शिकवणारे थोडे. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. वादक कुठून आणले? पारशी होते, ज्यू होते, गोव्याचे ख्रिस्ती वादक होते, नौदलाच्या बँडमधले होते. गोव्याच्या वादकांना पोटासाठी हॉटेलात आणि सिनेमाच्या स्टुडिओत वाजवावं लागे. उरलेल्या वेळात बीथोव्हन. मला चेलो शिकवणारे गृहस्थही अशाच एका पिढीचे होते. दिवसभर स्टुडिओत रेकॉर्डिंग करून ते संध्याकाळी लोकलने वसईला यायचे आणि बोटं दुखत असताना मला शिकवायचे.

झुबिन यांचा जन्म २९ एप्रिल १९३६चा, म्हणजे वडिलांच्या वाद्यवृंदाहून ते साधारण एका वर्षाने धाकटे. घरात तालमी चालायच्या. अभ्यास करतानाही कानावर तेच. तरी डॉक्टर व्हायचं ठरलं होतं. ते सोडून १९५४ साली, अठराव्या वर्षी, ते व्हिएन्नाला गेले. दुसऱ्याच वर्षी मेहलींनीही मुंबई सोडली. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस, ज्याने स्वतःचा वाद्यवृंद चालवला होता, तो इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात दुसऱ्याच्या हाताखाली वाजवायला गेला. आपल्यातले कितीजण आज कुवेतहून, मस्कतहून, कॅनडाहून आलेत! या वयात नव्या गावी जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणं काय असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

व्हिएन्नात झुबिन हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालन शिकले. मोठमोठे संचालक तालीम कशी घेतात हे त्यांना पाहायचं होतं, पण तालमीला बाहेरच्यांना प्रवेश नव्हता. तेव्हा ते आणि त्यांचे मित्र क्लाउदिओ अब्बादो, जे पुढे स्वतः जगप्रसिद्ध संचालक झाले, दोघे गायकवृंदात खालच्या आवाजात गायला भरती झाले. गाणाऱ्याला कोण हाकलणार? मागच्या रांगेत उभे राहून तोंडाने गात होते आणि डोळ्यांनी शिकत होते. मागच्या बाकावर बसणाऱ्यांना सगळा वर्ग दिसतो, हे आमच्या तुकडीला वेगळं सांगायला नको.

१९५६ साली हंगेरीतून निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियात आले. वीस वर्षांच्या झुबिन यांनी काही दिवसांत विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद जमवला आणि निर्वासितांच्या छावणीत जाऊन वाजवलं. १९५८ साली लिव्हरपूलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते पहिले आले. त्यानंतर वाट मोकळी झाली. १९६१ मध्ये मॉन्ट्रियल, १९६२ मध्ये लॉस एंजेलिस, तेही सव्विसाव्या वर्षी. १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क फिलहार्मोनिक. इस्रायल फिलहार्मोनिकशी तर १९६९ पासून २०१९ पर्यंत, पूर्ण पन्नास वर्षं नातं. व्हिएन्नाचा नववर्षाचा कार्यक्रम पाच वेळा. १९९४ साली युद्धात जळालेल्या सारायेव्होच्या ग्रंथालयाच्या भग्न इमारतीत त्यांनी मोत्सार्टचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत, सादर केलं. आपल्या सरकारने १९६६ मध्ये पद्मभूषण आणि २००१ मध्ये पद्मविभूषण दिलं. इतकी वर्षं बाहेर राहूनही त्यांनी भारतीय नागरिकत्व सोडलं नाही.

आता मी माझ्या वाद्याकडे येतो. न्यूयॉर्कच्या ज्या जागेवर झुबिन मेहता १९७८ साली आले, तिथे त्यांच्या पुष्कळ आधी आर्तुरो तोस्कानिनी होते. ते मूळचे चेलोवादक. १८८६ साली एका इटालियन संगीतनाटक कंपनीबरोबर रिओ द जानेरोला गेलेले असताना ऐन वेळी संचालक मिळेना. प्रेक्षक ओरडत होते. चेलोच्या खुर्चीवरून एकोणीस वर्षांचा हा मुलगा उठला आणि त्याने 'आयदा' पुस्तक न बघता, पाठ, चालवून दाखवलं. आणि पुढच्या वर्षी मिलानमध्ये व्हेर्दींच्या 'ओथेल्लो'चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा तोस्कानिनी पुन्हा चेलोच्या खुर्चीत बसले होते.

तोस्कानिनींनी १९३६ साली न्यूयॉर्क सोडलं, झुबिन जन्मले त्याच वर्षी. त्यांच्या जागी आले जॉन बार्बिरोली, तेही चेलोवादक. पुढे हेच बार्बिरोली मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्राचे प्रमुख झाले. म्हणजे मेहली मेहता मुंबई सोडून ज्यांच्या हाताखाली वाजवायला गेले, ते हे.

बार्बिरोलींची आणखी एक गोष्ट. एल्गार या इंग्रज संगीतकाराचं चेलोसाठीचं मोठं काम १९१९ साली लंडनमध्ये पहिल्यांदा वाजलं, तेव्हा वाद्यवृंदातल्या चेलोवाल्यांमध्ये एकोणीस वर्षांचे बार्बिरोली बसले होते. सेहेचाळीस वर्षांनी, १९६५ मध्ये, त्यांनी संचालक म्हणून ते ध्वनिमुद्रित केलं. चेलोवर होती वीस वर्षांची जॅकलिन द्यू प्रे. तेव्हाच्या एकोणिसाव्या वर्षीच्या कानाने ऐकलेलं त्यांनी विशीतल्या हातात दिलं. जॅकलिनला पुढे असा आजार झाला की अठ्ठाविसाव्या वर्षी वाजवणं थांबलं, आणि बेचाळिसाव्या वर्षी ती गेली. पण ती रेकॉर्ड आहे. मी निवृत्त झाल्यावर पहिला आठवडाभर रोज सकाळी तीच ऐकली.

आणि १९६९ साली लंडनमध्ये पाच तरुण मित्रांनी शूबर्टचं 'ट्राउट' पंचक वाजवलं. पियानोवर बारेनबोइम, व्हायोलिनवर पर्लमन, व्हिओलावर झुकरमन, चेलोवर जॅकलिन. आणि मागे डबल बास घेऊन झुबिन मेहता. लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाचा प्रमुख संचालक येऊन मागे खर्ज धरून उभा राहिला. त्याची फिल्म आहे. जरूर पाहा. पाचहीजण दप्तरं टाकून मैदानावर पळालेल्या मुलांसारखे हसताना दिसतात.

हे सगळं आपल्या शाळेत कशासाठी सांगतोय? कारण संचालकाच्या काडीतून एकही सूर निघत नाही. व्यासपीठावर आवाज न करणारा तो एकटाच. त्याला फक्त ऐकता यावं लागतं, कोण दबतंय, कोण घाई करतंय, कोण घाबरलंय. आणि ते ऐकणं तो मागे बसून शिकलेला असतो. हे वर्णन आणखी कोणाला लागू पडतं, ते या सभागृहात पुढच्या रांगेत बसलेल्यांकडे पाहिलं की समजेल.

आपल्या गायनाच्या बाई तिथेच बसल्या आहेत. आठवतंय का? नववीत आमचे आवाज फुटले होते. प्रार्थनेला आम्ही तोंड उघडलं की मुली हसायच्या. बाईंनी आम्हाला "गप्प उभे राहा" असं कधी म्हटलं नाही. त्यांनी आम्हाला शेवटच्या रांगेत नेलं, हार्मोनियमची खालची पट्टी दाबली आणि म्हणाल्या, "तुम्ही हा सा धरा. हलायचं नाही. सगळी शाळा तुमच्यावर उभी आहे." पंधरा वर्षांच्या बेसूर पोराला एवढी मोठी जबाबदारी त्याआधी कोणी दिली नव्हती. चेलो हाती आला त्याच्या कितीतरी आधी मला चेलोवादक या बाईंनी केलं.

आता मुद्द्याचं. आपल्या तुकडीने शाळेसाठी निधी जमवला आहे. त्याचं काय करायचं यावर गटात महिनाभर चर्चा चालली आहे. एक सूचना आहे प्रवेशद्वारावर आपल्या तुकडीच्या नावाची कमान बांधायची. दुसरी, वर्गांत डिजिटल फळे लावायचे. दोन्ही सूचना चांगल्या मनाने आल्यात. माझी तिसरी सूचना आहे. आज शाळेच्या वेळापत्रकात गायनाचा तास नाही आणि हार्मोनियम कपाटात आहे. आपण एका संगीत शिक्षकाचं तीन वर्षांचं मानधन द्यावं.

शिक्षकच का, वाद्यं का नाहीत? मेहली मेहता गेले आणि मुंबईला पूर्ण वेळ काम करणारा व्यावसायिक वाद्यवृंद मिळायला २००६ साल उजाडावं लागलं. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, तेव्हा त्यात परदेशी वादकांचा, विशेषतः कझाकस्तानच्या वादकांचा, मोठा भरणा होता. सभागृह होतं, वाद्यं होती. नव्हते ते वर्षानुवर्षं शिकून तयार झालेले आपले वादक. चेलो दुकानात मिळतो, चेलोवादक मिळत नाही. त्याला दहा-दहा वर्षं कोणीतरी शिकवावं लागतं. हे मेहता कुटुंबालाही उमगलेलं असावं. १९९५ मध्ये मुंबईत मेहलींच्या नावाने संस्था निघाली, ती मुलांना शिकवण्यासाठी. आणि मेहली स्वतः? अमेरिकेत गेल्यावर १९६४ साली त्यांनी तरुण मुलांचा वाद्यवृंद काढला आणि नव्वदीपर्यंत तो चालवला. ऑगस्ट २०२३ मध्ये सत्याऐंशी वर्षांचे झुबिन मेहता नरिमन पॉइंटच्या त्याच वाद्यवृंदासमोर संचालनाला उभे राहिले, तेव्हा त्यात भारतीय मुलंही वाजवत होती.

कोणी म्हणेल, आपल्या मुलांना बीथोव्हन कशाला? माझा बीथोव्हनचा आग्रह नाही. भजन शिकवा, पोवाडा शिकवा, आपल्या लग्नातला घुमट शिकवा. आठवड्यातून एक तास असा असावा की चाळीस मुलं एकमेकांचं ऐकतील, आणि ज्याचा आवाज चांगला नाही त्यालाही काहीतरी धरायला मिळेल. गणितात पहिला येणाऱ्याला शाळा आपोआप दिसते. शेवटच्या रांगेतल्याला ती दाखवावी लागते. आपल्या नावाची कमान पाहून किती मुलं थांबतील मला माहीत नाही. पण बाईंनी दिलेला तो सा माझ्याजवळ अजून आहे.

जेवणाच्या टेबलाशेजारी वही ठेवली आहे. ज्यांना पटेल त्यांनी नाव लिहावं, ज्यांना पटणार नाही त्यांनी माझ्याशी भांडावं. संध्याकाळपर्यंत मी इथेच आहे.

आता कार्यक्रमाप्रमाणे शाळेची प्रार्थना आहे. हार्मोनियम आम्ही काल कपाटातून काढून पुसून ठेवली आहे, आणि बाईंनी वाजवायचं कबूल केलंय. आता आपल्या सगळ्या पुरुषमंडळींचे आवाज तसेही खाली उतरलेत. तेव्हा मागच्या रांगेतल्यांनो, सा धरा. हलायचं नाही.