पंचवीस की बावन्न?

(न्यासाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक-सभेतील भाषण)



आमच्या वर्गात एक मुलगा होता. 'पंचवीस लिही' म्हटले की हटकून ५२ लिही. लक्ष नाही म्हणून आम्ही त्याला दोनदा बाकावर उभे केले. घरची मंडळी त्याला मराठी शाळेतून काढण्याच्या गोष्टी बोलू लागली.

पुढे ध्यानात आले की पोराचा कान अगदी तयार होता. 'पंचवीस'मध्ये पाच आधी ऐकू येतात, म्हणून त्याने पाच आधी लिहिले. त्याची आजी निपाणीच्या बाजारात कानडीत हिशेब करी. तिच्या तोंडी 'इप्पत्तैदु', म्हणजे वीस आणि पाच. कानडीत बोलावे त्याच क्रमाने लिहावे. मराठीत एकक आधी बोलायचा आणि दशक आधी मांडायचा. आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या पोरांच्या कानी या दोन्ही रीती एकदमच पडतात!

मग आम्ही पाटी बाजूला ठेवली आणि जोंधळ्याच्या धाटांच्या काड्या केल्या. दहा-दहांच्या जुड्या सुतळीने बांधल्या. जुड्या डावीकडे, सुट्या काड्या उजवीकडे. मुलाने 'पंच' म्हणताना सुट्यांना हात लावायचा, 'वीस' म्हणताना जुड्यांना, आणि लिहिताना डावीकडून सुरुवात करायची. आठवड्याभरात ५२ चे २५ झाले.

खरी गंमत एकोणतीसची. कानडीत 'इप्पत्तोंबत्तु', वीस आणि नऊ, इतके सरळ. मराठीत मात्र तीसला एक उणा. हे तोंडाने सांगून मुलांना उमजत नाही. तीन जुड्या मांडाव्या, तिसरीची सुतळी सोडून एक काडी काढून घ्यावी आणि मग विचारावे. मुले आपणच सांगतात, "एक कमी तीस!" बालवाडीच्या कामात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आसपासच्या साध्या वस्तूच साधन म्हणून वापरल्या. महागड्या तक्त्यांवाचून आमचेही अडले नाही.

२०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' असे वाचन आले आणि मोठा गदारोळ झाला. त्या समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर, यांनी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची मुलांना पडणारी अडचण सांगितली होती. अडचण खरीच आहे. आमच्या मुलाने ती आम्हांला फार आधी दाखविली होती. तरी 'एकवीस' टाकून द्यावे असे आम्हांस वाटत नाही. आजोबांचा हिशेब नातवाला कळलाच पाहिजे. दोन्ही वाचने जुड्यांसमोर म्हणवून घ्यावीत, एवढेच.

पालकांना एक विनंती. घरी भाकरी वाढताना पाव, अर्धी, पाऊण, दीड हे शब्द मुलांसमोर मुद्दाम बोला. 'पाऊण' हा शब्द पुस्तकापेक्षा ताटात लवकर समजतो.

तोच मुलगा एकदा नऊ जुड्या आणि नऊ काड्या मांडून बसला होता. म्हणाला, "गुरुजी, एकोणनव्वद म्हणायचे, मग एकोणशंभर का नाही? नव्याण्णव का?"

आम्ही त्याच्या काड्या पुन्हा एकदा मोजल्या.