एका जर्मन नावाची कुळकथा

भिलाईच्या वैशाली नगरात एखाद्या मराठी घरी मुलीचे नाव वैशाली असले, तर त्या नावाचा उगम सहसा कोणी विचारीत नाही. विशाल राजाची नगरी ती वैशाली, असे पुराणे सांगतात. नगरीचे नाव लेकींना आले, आणि पुढे पोलादाच्या या गावातील एका वसाहतीलाही लाभले. येथील भट्ट्याही स्त्रीनामापासून दूर राहिल्या नाहीत. २०१८ साली पेटलेल्या आठव्या झोतभट्टीचे नाव महामाया आहे. लोखंड आणि स्त्रीनाम यांची गाठ जर्मनीतही पडली होती, पण निराळ्या रीतीने. ते नाव बेर्टा.

जुन्या जर्मन भाषेत ‘बेराह्ट’ म्हणजे तेजस्वी. संस्कृतातील ‘भ्राज्’ म्हणजे झळकणे, हा धातू त्याचाच सगोत्र, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेव्हा बेर्टा म्हणजे आपली उज्ज्वलाच म्हणावयाची! हाच शब्द आल्बर्ट या नावाच्या शेवटी बसला आहे. त्याचा अर्थ कुलीन आणि तेजस्वी.

एसेन येथील क्रुप कारखान्याची वारसदार बेर्टा क्रुप हिचा जन्म १८८६ चा. भिलाईचा कारखाना रशियाच्या साहाय्याने उभा राहिला. रुरकेल्याच्या उभारणीत मात्र क्रुप कंपनीचा मोठा वाटा होता. तेथील पहिली झोतभट्टी ३ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली आणि भिलाईची दुसऱ्याच दिवशी. रुरकेल्याच्या त्या भट्टीला पार्वती म्हणतात. पण क्रुपच्या मालकिणीचे नाव जगभर गेले ते एका तोफेमुळे. बेचाळीस सेंटीमीटर तोंडाच्या त्या अजस्र तोफेला लोक ‘जाडी बेर्टा’ म्हणू लागले. बिचारीने ती ओतली नव्हती, डागलीही नव्हती.

याच नावाची दुसरी स्त्री बेर्टा फॉन सुटनर. प्राग येथे १८४३ साली जन्मलेल्या या ऑस्ट्रियन लेखिकेने १८८९ मध्ये ‘शस्त्रे खाली ठेवा’ अशा अर्थाच्या नावाची कादंबरी प्रसिद्ध केली. डायनामाइटचा जनक आल्फ्रेड नोबेल याच्याशी तिचा स्नेह होता आणि शांततेच्या प्रश्नावर पत्रव्यवहारही. १९०५ चे शांतता पारितोषिक तिला मिळाले; तो मान मिळविणारी ती पहिली स्त्री. २१ जून १९१४ रोजी ती निवर्तली. महायुद्धाला आणखी पाच आठवडे होते. ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या लिएज शहराभोवतीचे किल्ले फुटले, ते तिच्या नावभगिनीच्या तोफांनी.