फोनला पोंगे सापडत नाहीत तेव्हा

आजचा भाग किराणा आणायला फोन घेऊन जाणाऱ्यांसाठी. म्हणजे तुम्हा सगळ्यांसाठीच.

'ओपन फूड फॅक्ट्स' नावाचं एक फुकट अ‍ॅप आहे. २०१२ साली फ्रान्समध्ये स्तेफान जिगांदे यांनी हे काम सुरू केलं. विकिपीडियासारखंच समजा. जगभरातले लोक पाकिटांचे फोटो टाकतात, माहिती भरतात. आपण बारकोड स्कॅन केला की साखर, मीठ, तेल, रंग, सगळं समोर येतं.

याने काय फरक पडतो? २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला. कंपनीची नोटीस आली, व्हिडिओ काढावा लागला. पण लोक डबे उलटे करून वाचायला लागले होते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला सांगितलं.

आता आपल्या मूलकडे या. मोठ्या ब्रँडचं बिस्किट स्कॅन करा, बहुतेक सापडेल. शाळेसमोरचे पाच रुपयांचे पोंगे स्कॅन करा. बऱ्याचदा उत्तर येतं, सापडलं नाही. कारण बारकोड म्हणजे नुसता नंबर. बाकी माहिती कुणीतरी माणसाने भरलेली असते, आणि हे पाकीट अजून कुणी भरलेलंच नसतं. सापडलं नाही म्हणून ते वाईट ठरत नाही, चांगलंही ठरत नाही. आपली लहान भावंडं जे रोज खातात, त्याचीच माहिती नाही, हा खरा प्रश्न आहे राजेहो!

ती आपणच भरायची. तीन फोटो पुरतात: पाकिटाची पुढची बाजू, घटकांची यादी, पोषणाचा तक्ता. लहान पाकिटांना नियमात सूट असते, तक्ता नसेल तर आहे तेवढं टाका. गावात रेंज नसेल तर फोटो काढून ठेवा, मूलला आल्यावर चढवा. छापलंय तेच भरा, आपलं मत नको. तुम्ही भरलेलं पाकीट उद्या सावलीत, सिंदेवाहीत कुणीतरी स्कॅन करेल.

दुसरं काम. पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर शोधा. 'फूड सेफ्टी कनेक्ट' या सरकारी अ‍ॅपमध्ये तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते कळतं. पाकिटावर एक नाव आणि अ‍ॅपमध्ये भलतंच, असं दिसलं तर पाकीट फेकू नका. पाकीट आणि बिल जपून ठेवा आणि त्याच अ‍ॅपवर तक्रार करा. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबरही आहे, १८००२२२३६५. दुकानदाराशी भांडून उपयोग नाही, त्यालाही माल बंद पाकिटातच येतो.

आणि जिथे फोन हात टेकतो, तेही सांगतो. सुटं बेसन, सुटी हळद, सुटं तिखट. बारकोडच नाही, तर स्कॅन काय करणार? आपल्या भागात धानाच्या बांधीत लाखोळी होते. घरची लाखोळी आपण माहीत असून खातो. पण तिचंच पीठ चण्याचं बेसन म्हणून विकलं, तर खाणाऱ्याला कळतच नाही. लाखोळी खूप दिवस आणि खूप प्रमाणात खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात, म्हणून हे कळायला हवं. हळदीत मेटॅनिल यलो हा बंदी असलेला रंग मिसळतात, तोही डोळ्यांना दिसत नाही. इथे उपाय जुनाच. चणा डाळ निवडून चक्कीवर दळून आणा, हळकुंडं घेऊन कुटा.

पाकिटातल्या मालाला फोन, सुट्या मालाला चक्की. या आठवड्यात प्रत्येकाने गावातल्या दुकानातली तीन न सापडणारी पाकिटं भरायची. कोणती भरली ते आम्हाला कळवा, पुढच्या भागात त्यांच्यावरच बोलू.