घरीं बांधलेल्या गाडीचा सांधा

जालना शहर लोखंडाच्या धंद्यासाठीं प्रसिद्ध आहे. तेथील कारखान्यांत भंगार वितळवून घरबांधणीच्या सळया तयार होतात. परंतु कसबी कारागिराची दृष्टि निराळी असते. मोडक्या जीपचा मागचा आंस, पंपाचें जुनें डिझेल एंजिन, कोठला तरी गिअरबॉक्स, असे अवयव भट्टींत जाण्यापूर्वींच सोडवून आणावे आणि त्यांतून चालती गाडी उभी करावी, ही हौस महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून आढळते. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनीं जुन्या भागांपासून बांधलेली चिमुकली चारचाकी २०२१ सालीं देशभर गाजली. उद्योगपति आनंद महिंद्र यांनीं २०२२ सालीं ती घेऊन तिच्या बदल्यांत त्यांना नवी बोलेरो दिली.

अशी गाडी बांधणारा एंजिन पारखून घेतो, चाकें निवडून घेतो. पण या दोहोंना जोडणारा जो सांधा, तो मात्र हातीं लागेल तो बसवितो. वस्तुतः गाडीचें आयुष्य, आणि प्रसंगीं बसणाराचेंहि, त्याच सांध्यावर अवलंबून असतें.

एंजिन सांगाड्यावर घट्ट बसविलेलें असतें. मागील आंस पाट्यांना बांधलेला असल्यामुळें खांचखळग्यांतून वरखालीं होतो; पावसाळ्यांत काळ्या मातीच्या वाटांना चाकोऱ्या पडल्या म्हणजे तर त्याला क्षणाचीहि उसंत नसते. या दोहोंमध्यें नुसता सरळ दांडा घातला, तर तो लवकरच मोडेल. म्हणून वाकूनहि फिरत राहील असा सांधा लागतो. त्यालाच युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात. बेचक्याच्या आकाराचीं दोन टोकें व त्यांच्यामध्यें अधिक चिन्हासारखा एक तुकडा, एवढीच त्याची रचना. त्या तुकड्याला कारागीर ‘क्रॉस’ म्हणतात. इटलींतील कार्दानो आणि सतराव्या शतकांतील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक, या दोघांचीं नांवें या सांध्याला लाभलीं आहेत.

तथापि वाकण्याची ही सोय फुकट मिळत नाहीं. एका बाजूचा दांडा मिनिटाला १००० फेरे एकसारखे घेत असला, आणि सांधा ३० अंशांत वाकलेला असला, तर दुसऱ्या बाजूचा वेग एकाच फेऱ्यांत दोनदां ८६६ पर्यंत उतरतो व दोनदां ११५५ पर्यंत चढतो. बैलजोडींतील एक बैल क्षणांत पुढें ओढूं लागला व क्षणांत मागें रेंगाळला, तर जुवाला जसे हिसके बसतात, तसे हिसके येथें आंसाच्या दांत्यांना बसतात. कोन १० अंशांवर आणला, तर हाच चढउतार ९८५ व १०१५ यांच्या दरम्यान राहतो. म्हणून कोन लहान ठेवणें हा पहिला नियम होय. पण कोन अगदीं शून्यहि नसावा. तसें झाल्यास बेअरिंगमधील सुया हलत नाहींत आणि एकाच जागीं दाब पडून तेथें खांचा पडतात.

दुसरा नियम असा कीं, सांधे दोन असावेत. दोहोंचे कोन सारखे असले, आणि मधल्या दांड्याचीं दोन्ही बेचकीं एका पातळींत असलीं, तर पहिल्यानें केलेला दोष दुसरा भरून काढतो. मधला दांडा लांबींत कमीजास्त व्हावा म्हणून एकमेकांत सरकणाऱ्या दोन भागांचा केलेला असतो. दुरुस्तींत ते भाग वेगळे करण्यापूर्वीं खूण केली नाहीं, तर पुन्हां जोडतांना दांता चुकतो, बेचकीं तिरपीं बसतात आणि चांगली गाडी थरथरूं लागते.

तिसरी गोष्ट बळाची. ८ अश्वशक्तीचें एंजिन १५०० फेऱ्यांना चाललें, तर त्याचा पीळ सुमारें पावणेचार किलोग्रॅम-मीटर भरतो. म्हणजे एक मीटर लांब पहारीच्या टोकाला पावणेचार किलो वजन टांगल्याएवढा. पण पहिल्या गिअरचें प्रमाण चारास एक असेल, तर गिअरबॉक्समागील सांध्यावर तोच पीळ पंधरावर जातो. त्यांत भरल्या गाडीचा चिखलांतील हिसका मिळवावा. म्हणून सांधा एंजिनाकडे पाहून नव्हे, तर पहिल्या गिअरकडे पाहून निवडावा. उत्तम तो जड गाडीचा, झीज न झालेला. हातानें हलविला असतां त्यांत खडखड असूं नये.

येथें एक मोह टाळला पाहिजे. जालन्याची सळई घराच्या छताला उत्तम. पण तीच लेथवर कातून क्रॉस करणें घातक होय. क्रॉसला मिश्र पोलादाचा चिवट गाभा आणि उष्णतेनें कठीण केलेला पृष्ठभाग लागतो. तो नसल्यास सुया त्यांत रुततात, आणि एके दिवशीं उतारावर क्रॉस तुटतो. दांड्याचें पुढचें टोक सुटून रस्त्यांत रुतलें, तर गाडी उलटूंहि शकते. यासाठीं दांड्याखालीं पोलादी कडें बसवावें. ट्रॅक्टरवर मळणीयंत्र चालविणारा दांडा मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो. त्यावर आच्छादन नसेल, तर धोतराचा सोगा किंवा पदर अडकल्यावर सावरण्यास वेळच उरत नाहीं.

शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें नोंदणीवांचून कोणतीहि मोटारगाडी सार्वजनिक रस्त्यावर नेतां येत नाहीं. घरच्या गाडीची जागा शेतांत. तेथेंहि ती बांधणाऱ्यानें एंजिन सुरू करण्यापूर्वीं एकदां खालीं वाकून तो सांधा पाहावा. गाडीवर पोरेंबाळें बसावयाचीं असतात.