गळ टाकण्यापूर्वी

पाथरी तालुक्याच्या दक्षिण अंगाने गोदावरी वाहते. ढालेगाव, तारुगव्हाण आणि मुद्गल येथे तिच्यावर बंधारे झाल्यापासून पूर्वी उन्हाळ्यात जिथं वाळू उघडी पडायची तिथं आता बरेच महिने पाणी टिकून राहतं. पाणी आलं की मासे येतात, आणि मासे आले की काठी-दोरी घेऊन काठावर बसणारी माणसंही येतात. यात भोई मंडळींना शिकवावं असं माझ्याजवळ काही नाही; उलट त्यांच्याकडूनच शिकायचं. पण सुटीच्या दिवशी हौसेनं गळ टाकू पाहणारे विद्यार्थी, नोकरदार आणि दुकानदार आहेत. अशा नवशिक्यांशी आज चार गोष्टी बोलायच्या आहेत.

सुरुवात थोडी दूरवरून करतो. उत्तर युरोपातल्या फिनलंड देशात हिवाळ्यात तळी गोठतात. लोक त्या बर्फावर चालत जातात, गिरमिटानं हातभर खोल भोक पाडतात, आणि वीतभर काठीला दोरा बांधून त्या भोकातून मासा धरतात. तिथं नवशिक्याच्या गळाला बहुधा पहिल्यांदा लागतो तो पर्च नावाचा मासा. अंगावर काळसर उभे पट्टे, खालचे पर तांबडे, आणि पाठीवर टोचणारे काटे. फिनलंडचा तो राष्ट्रीय मासा आहे.

आता तुम्ही म्हणाल, तळं गोठलं तर मासे जगतात कसे? याचं उत्तर पाण्याच्या एका चमत्कारिक गुणात आहे. पाणी सर्वांत जड असतं ते सुमारे 4 अंश सेल्सिअसला. त्याहून थंड झालं की ते हलकं होऊन वर राहतं आणि वरच गोठतं. बर्फ तर पाण्याहून हलकाच. म्हणून बर्फाचं झाकण वर, आणि तळाशी 4 अंशांचं पाणी. मासे तिथं मंदावतात, कमी खातात, पण जिवंत राहतात.

त्या देशात नवशिक्याला गळ हातात देण्याआधी विचारतात, बर्फ किती जाड आहे? एका माणसाच्या वजनाला निदान 10 सेंटिमीटर चांगला टणक बर्फ हवा, असा सर्वसाधारण नियम बऱ्याच ठिकाणी सांगतात. मासा किती मोठा मिळेल, हा प्रश्न त्यानंतरचा.

आपल्याकडे बर्फ नाही. पण पायाखाली काय आहे हा प्रश्न आहेच. बंधाऱ्याच्या काठी वरून वाळलेला दिसणारा गाळ आत मऊ असतो. गुडघ्यापर्यंत पाय रुतला म्हणजे माणूस घाबरतो आणि धडपडून अधिकच रुततो. जायकवाडीचा डावा कालवा आपल्या तालुक्यातून जातो. त्याच्या उतरत्या बाजूंवर शेवाळ असतं. घसरून आत पडलेल्या पोहणाऱ्यालाही वर चढायला धर सापडत नाही. आणि सर्वांत मोठा धोका दरवाजांचा. पावसाळ्यात वरून, पैठणहून, पाणी सुटलं किंवा बंधाऱ्याचे दरवाजे उघडले, की खालच्या अंगाला पाणी बघता बघता चढतं. आभाळ आपल्या डोक्यावर निरभ्र असलं तरी चढतं. तेव्हा दरवाजांच्या खालच्या बाजूला बसायचं नाही, एकट्यानं जायचं नाही, आणि घरी ठिकाण सांगितल्याशिवाय निघायचं नाही. दहा रुपयांच्या गळासाठी पाण्यात उडी घेणारे लोक असतात; दोरी तुटली तर तुटू द्यावी.

दुसरी गोष्ट सामानाची. नवशिक्याला भारी सामान लागत नाही. सरळ, लवचिक बांबू, त्याला तंगूस, तंगुसाला शिशाचा लहान तुकडा, वर तरंगायला बुचाचा तुकडा, आणि गळ. गळ लहान घ्या. आपल्या पाण्यात नवशिक्याला पहिल्यांदा भेटते ती बहुधा चिलापी. हा मूळचा आफ्रिकेतला मासा 1952 साली भारतात आणला गेला आणि पुढं देशभर पसरला. तिचं तोंड लहान असतं. मोठ्या गळावरचं आमिष ती कुरतडून नेते, आणि नवशिका दिवसभर नुसताच गळ वर काढून बघतो. गांडुळाचा छोटा तुकडा किंवा कणकेची हरभऱ्याएवढी गोळी पुरते. पर्चप्रमाणे तिच्याही पाठीवर काटे असतात. गळ सोडवताना डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवून ते दाबून धरावेत. शिंगट्याच्या बाजूचे काटे त्याहून वाईट. त्याला ओल्या फडक्यातच धरावं.

ही विद्या आपल्या भागाला नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात ‘मत्स्यविनोद’ या नावाखाली गळानं मासे धरण्याचं सविस्तर वर्णन आहे. माशांच्या जाती कोणत्या, दोर कसा करावा, माशांना आधी कोणता चारा घालावा, हे सारं त्यात येतं. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली त्यावर इंग्रजीत अभ्यासलेख लिहिला. आधी चारा घालून मासे एका जागी आणायचे आणि मग गळ टाकायचा, ही रीत आजही चालते. शेंगदाण्याच्या पेंडीचा मूठभर चुरा तेवढं काम करतो. मात्र मूठभरच, पोट भरलेला मासा गळाकडे बघत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. मासा पाण्याएवढाच गरम किंवा थंड असतो, म्हणून पाण्याचा पारा बघून बसावं. परभणी जिल्ह्यात काही हिवाळ्यांत पहाटेचा पारा 5 अंशांच्याही खाली गेलेला आहे. अशा दिवसांत पहाटे काठावर कुडकुडण्यात अर्थ नाही. दुपारी ऊन चढल्यावर उथळ पाणी कोमट होतं तेव्हा बसावं, आमिष लहान ठेवावं आणि हळू हलवावं. उन्हाळ्यात याच्या उलट. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासे भर दुपारी खोल पाण्यात किंवा सावलीत जातात. तेव्हा उजाडताना आणि मावळताना. बर्फावरचे लोक एका भोकात काही लागलं नाही, तर उठून दुसरं भोक पाडतात. आपणही अर्धा तास बूच हललं नाही, तर जागा बदलावी. धीर धरणं म्हणजे चुकीच्या जागी बसून राहणं नव्हे.

आता हक्काचं बोलू. रोहू, कटला हे मासे पावसाळ्यात वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात; साठलेल्या तळ्यात सहसा घालत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाला पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन अंडी घालवून घेतली, तेव्हापासून या माशांचं बीज मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागलं. तलावांत आणि जलाशयांत आज जे रोहू-कटला दिसतात, त्यांतले पुष्कळसे असं बीज सोडूनच वाढवलेले असतात. पुष्कळ ठिकाणी ते मच्छीमार सहकारी संस्थेनं पैसे घालून सोडलेलं असतं आणि त्या पाण्याचा ठेकाही तिच्याकडे असतो. आपल्याला तो मासा देवाचा वाटतो, पण तो कुणाच्या तरी घामाचा असतो. म्हणून आधी विचारावं. “दादा, इथं गळ टाकू का?” एवढं विचारलं तर बहुधा नाही म्हणत नाहीत, वर जागाही दाखवतात.

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती मरळीची आहे. मरळ चवीला उत्तम, काटे कमी, बाजारात भाव मोठा. ती वर येऊन हवा घेते, म्हणून गढूळ आणि कमी पाण्यातही तगते. शेजारच्या तेलंगणानं तर तिला राज्याचा मासा केलं आहे. पावसाळ्यात ती काठच्या गवतात जागा करून अंडी घालते. पिलं निघाली की त्यांचा तांबूस थवा पाण्याच्या वरच्या थरात फिरतो. हवा घ्यायला एकदम वर आला की तेवढ्याच जागी पाणी खदखदल्यासारखं दिसतं. त्या थव्याच्या खाली आई-बाप राखण करीत असतात.

जवळ आलेल्या प्रत्येक वस्तूवर राखण करणारी मरळ तुटून पडते. भूक असो वा नसो. थव्याशेजारी बेडूक लावलेला गळ टाकला, तर नवशिक्यालाही मोठी मरळ मिळते. गावात वाहवा होते. पण ती मासळी अक्कल वापरून धरलेली नसते. पिलांच्या मायेनं ती सापडलेली असते. राखण उठली की बाकीचे मासे त्या थव्याचा फडशा पाडायला वेळ लावीत नाहीत. एका जेवणासाठी शेकडो मरळी आपण पाण्यातून काढून घेतल्या, असा त्याचा अर्थ. पुढं दोन वर्षांनी “आता मरळ मिळत नाही हो” अशी तक्रार करायची सोयही आपली आपणच करून ठेवतो.

तेव्हा खदखदणारं पाणी दिसलं की गळ गुंडाळावा आणि पुढं जावं. बोटभर पिलू लागलं तर हात ओला करून सोडवावं आणि परत सोडावं. विष कालवणं किंवा सुरुंग लावणं तर गुन्हाच आहे, त्यानं लहान-मोठं सगळंच मरतं. तसं करताना कुणी दिसलं तर गप्प बसू नये.

ज्यांना ही हौस लागली असेल त्यांनी एक करून बघावं. पहिल्या दिवशी काठी घरीच ठेवावी. गावातल्या एखाद्या जाणत्या भोईदादांबरोबर सकाळी बंधाऱ्यावर जाऊन नुसतं बसावं. गाळ कुठं आहे, सावली कुठं पडते, बगळे कुठं उभे राहतात, पाणी कुठं फिरतं, हे त्यांना विचारावं. दुसऱ्या दिवशी गळ टाकावा. मासा लागायला वेळ लागेल. लागला की घरच्यांपुरता आणावा, आणि काळोख पडायच्या आत घरी यावं.